जवान घरी येतो तो सीन

पार्कचं नवं रूप ठरवण्यासाठीची पहिली बैठक कोर्टात भरली. कोर्ट प्लायवूडचं. आरोपीचा पिंजरा, वकिलांची टेबलं, न्यायाधीशाची उंच खुर्ची सगळं जागच्या जागी, फक्त खुर्चीमागची भिंत संपली की पलीकडे बांबूच्या टेकणी आणि गवत. सातारा सोडून पाचगणीच्या बाजूला निघालं की डोंगराच्या पायथ्याशी हा सिनेमाचा पार्क लागतो. शूटिंग असलं की तो स्टुडिओ असतो, नसलं की तिकीट काढून बघायची जागा. अलीकडे शूटिंगही कमी आणि बघणारेही कमी, म्हणून मालकांनी पुण्याहून सल्लागार बोलावले होते. त्यांच्यातला मुख्य माणूस कुठं बसावं ते न कळून थेट न्यायाधीशाच्या खुर्चीत जाऊन बसला. माझ्या वाट्याला पिंजऱ्याशेजारची जागा आली.

मी कला-दिग्दर्शक. सांगलीजवळच्या माधवनगरची, गिरणी कामगाराची मुलगी. हे कोर्ट, पलीकडचा तुरुंग, जिथं कधीच गाडी आली नाही ते रेल्वे स्टेशन आणि गावाचा चौक, हे सगळं मी कागदावर काढलं होतं आणि उन्हातान्हात उभं राहून रंगवून घेतलं होतं. आता आपणच बांधलेल्यातलं काय काय पाडायचं ते सांगायला मला बोलावलं होतं. अशा वेळी कुणाचाही पारा चढेल. माझा तर तसाही चढलेलाच असतो, घरात विचारा कुणालाही.

समोर पांढरा फळा होता. त्यावर सर्वांत वर लिहिलं होतं, ‘इथे कुठलीच कल्पना वाईट नसते.’ खाली रंगीत चिठ्ठ्या चिकटवायच्या होत्या. ज्याला जे सुचेल ते त्यानं लिहायचं, लाजायचं नाही, दुसऱ्याला हसायचं नाही. चिठ्ठ्या भराभर लागल्या. तुरुंगात भूतबंगला करा. स्टेशनवरून तारेला लटकत जायची सोय करा. स्ट्रॉबेरीच्या आकाराचे पाळणे लावा. कोर्टात रेन डान्स. एकानं काचेचा पूल सुचवला, तेव्हा मला राहवलं नाही. काचेच्या पुलाखाली दरी लागते, म्हटलं, इथं गटार आहे. मालक हसले. न्यायाधीशाच्या खुर्चीतल्या माणसानं मला नियमाची आठवण करून दिली.

दुपारी फळ्याचे दोन भाग केले, एक ‘ठेवायचं’ आणि दुसरा ‘काढायचं’. एकेक करून पार्कातल्या गोष्टी त्यात जायला लागल्या. स्टेशन राहिलं, पोस्ट ऑफिस गेलं. मग एक पिवळी चिठ्ठी दोन्हींच्या मधल्या रेघेवर लावली गेली. तिच्यावर लिहिलं होतं, ‘जवान घरी येतो.’ ती वाचली आणि माझं गटार, माझा पूल, माझा सगळा तोरा गळून पडला.

हा आमच्या गावाच्या चौकातला रोजचा खेळ. बघायला आलेल्या लोकांना शूटिंग कसं होतं ते दाखवायचं, एवढाच त्याचा हेतू. एक कॅमेरा लावलेला असतो, त्यात काही टिपलं जात नाही. कुणीतरी ओरडतो, शांतता होते, आणि वेशीतून एक जवान पत्र्याची ट्रंक खांद्यावर घेऊन चालत येतो. घराचं दार उघडतं. आई बाहेर येते. तिच्या हातात ताट असतं, ताटात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या. लांबून आलेल्या माणसाला आमच्याकडे तसंच घरात घेत नाहीत. उंबऱ्याबाहेर थांबवतात, भाकरीचा तुकडा त्याच्यावरून उतरून एका अंगाला टाकतात, पायावर पाणी घालतात, डोळ्यांना पाण्याचं बोट लावतात, आणि मग म्हणतात, ये आत. आमच्या खेळातली आई एवढंच करायची. जवान पाया पडायचा, लोक टाळ्या वाजवायचे, आणि सगळे चहाच्या स्टॉलकडे निघून जायचे.

त्यातली आई म्हणजे माझी वहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको.

वडील गिरणीसाठी माधवनगरला आले, पण आमचं मूळ गाव वडूजच्या पलीकडचं. पाऊस आला तर ज्वारी, नाही आला तर नुसतं बघत बसायचं. भाऊ सैन्यात गेला आणि निवृत्त झाल्यावर सांगलीत न राहता गावच्या घरी, त्याच कोरड्या रानात परतला. त्याला एकच मुलगा, माझा भाचा. तोही बापाच्या पावलावर पाऊल टाकून सैन्यात गेला. उंचच्या उंच पोरगा. आमच्या घरात एवढा उंच कुणी झाला नव्हता. दरवेळी घरात शिरताना दाराच्या चौकटीला त्याचं डोकं आपटायचं, आणि दरवेळी भाऊ आतून म्हणायचा, मान वाकवायला शीक जरा. पोरगा म्हणायचा, फौजेत मान ताठ ठेवायलाच शिकवलंय. मग वहिनी दोघांनाही गप्प करायची आणि त्याला उंबऱ्याबाहेर उभा करून, टाचा उंचावून त्याच्यावरून तुकडा उतरायची.

रजेवर येताना त्यानं साताऱ्याच्या स्टँडवरून आईला फोन केला होता, भाकरी टाक, आलोच. वहिनीनं चूल पेटवली, भाकरी टाकली, तुकडा मोडून ताटात ठेवला आणि दारात उभी राहिली. पुसेगावच्या पुढं तो बसलेली वडापची, गावोगावची माणसं भरून नेणारी जीप उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली.

मी सांगलीहून पोचले तेव्हा सकाळ झाली होती. सरकारी दवाखान्यातून त्याला आणत होते. अंगणात गाव जमलं होतं. रजेवर असताना गेला म्हणून फार गाजावाजा नव्हता, फ्लेक्स लागले नव्हते, दोन-तीन माजी सैनिक हार घेऊन आले होते तेवढेच. त्याला अंगणात आणलं आणि खाली ठेवलं. तेव्हा वहिनी बायकांच्या हातातून सुटली, आत गेली आणि कालचं ताट घेऊन बाहेर आली. तुकडा वाळून कडक झाला होता. कुणाला काही कळायच्या आत ती त्याच्या डोक्याशी जाऊन उभी राहिली. तिनं तुकडा उचलला. भाऊ पुढं झाला, तिचं मनगट धरलं आणि म्हणाला, ‘ह्याला ववाळत न्हाईत.’

तो चुकीचं बोलला असं कुणी म्हणणार नाही. गेलेल्या माणसावरून तुकडा उतरत नाहीत, हे सगळ्यांनाच माहीत आहे. भावानं तुकडा तिच्या हातातून काढून घेतला, ताट कुणाकडे तरी दिलं, आणि पोराला तसाच न ओवाळता नेला. मला त्या वेळी भावाचा राग आला नाही. पण वहिनीच्या घशात ‘ये आत’ अडकून बसलं ते बसलंच. पोरगं लांबून आलं आणि आपण त्याला आत ये म्हटलं नाही, ही एकच गोष्ट तिला पुनःपुन्हा आठवायची. मेल्याचं दुःख वेगळं होतं, हे वेगळं होतं.

त्यानंतर ती रोज दिवेलागणीला दारात बसायला लागली. वडाप यायच्या वेळेला. गाडी येऊन जायची, तरी ही बसलेलीच. भाऊ मागच्या दारानं रानात जायचा आणि मागच्याच दारानं यायचा. दोघांमध्ये भांडण नव्हतं, नुसतं बोलणं आटलं होतं. मीठ संपलंय, मोटर जळालीय, एवढंच. मी तिला माझ्याकडे सांगलीला नेऊन पाहिलं, तिथं तिला करमेना. पार्कच्या गावरान जेवणाच्या चुलीवर भाकऱ्या करायला बाई हवी होती. मी भावाला विचारलं, नेऊ का. तो म्हणाला, ने. एका शब्दावर ती आली. पार्कातच राहायची खोली मिळाली. मंगळवारी पार्क बंद, तेव्हा गावी जायची, धुणं-भांडी, भाकरी-कालवण करून दुसऱ्या दिवशी परत. तिच्या पोराचं मी इथं कुणाला सांगितलं नव्हतं, तिनंही नाही.

आई होणारी आधीची बाई लग्नाच्या सिझनमध्ये ब्युटी पार्लरच्या कामाला निघून गेली, तेव्हा खेळ चालवणाऱ्यानं चुलीवरच्या वहिनीला विचारलं. मला वाटलं ती नाही म्हणेल. मला ते नकोच होतं. पण ती हो म्हणाली, आणि जी उभी राहिली ती राहिलीच. ऊन असो, धुकं असो, पावसात चौकात तीन माणसं छत्र्या घेऊन उभी असोत, वहिनी दार उघडून बाहेर यायची. ताटातली भाकरी रोज ताजी, तिनंच केलेली. शिळी चालेल, कुणाला कळतंय, असं खेळ चालवणारा म्हणाला तेव्हा तिनं त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो पुन्हा त्या वाटेला गेला नाही.

आमचा जवान कोरेगावकडचा. वय तिशीच्या पुढं गेलेलं, आणि उंचीत कमी पडला म्हणून भरतीत नाकारलेला. भला माणूस. वहिनीला तो आई म्हणायचा, खेळातही आणि खेळाबाहेरही. त्याला ओवाळताना वहिनीचा हात पहिल्यांदा खूप वर जायचा. त्याच्या डोक्याच्या वर वीतभर हवेत थांबायचा, मग तिच्या लक्षात यायचं आणि तो हळूच खाली, त्याच्या तोंडापाशी यायचा. खेळ चालवणारा सांगायचा, मावशी, हात खाली ठेवा, लोकांना मोबाइलमध्ये जवानाचं तोंड दिसत नाही. ती व्हय म्हणायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा हात वर. मी पहिल्याच दिवशी ओळखलं की हा कुणाच्या उंचीचा हात आहे. मी तिथून निघून स्टेशनच्या मागं जाऊन रडले, आणि रंगाऱ्यांवर उगाच ओरडले.

तिला यातून काय मिळतं, असं मी तिला एकदा विचारलं होतं. ती पीठ मळत होती. म्हणाली, ‘दिसातनं एकदा आत ये म्हनता येतं, वन्सं.’

तर ती पिवळी चिठ्ठी. मी म्हटलं, हे ठेवायचं. न्यायाधीशाच्या खुर्चीनं विचारलं, का? मी म्हटलं, लोकांना आवडतं. त्यांनी लगेच दाखवलं की लोक अर्ध्यातच उठून जातात. ते खरंच होतं. मी म्हटलं, साताऱ्याची माती फौजेची आहे, घराघरात जवान आहे, इथं हा सीन शोभतो. त्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, जिंकले.

तेव्हा सल्लागारांतली एक मुलगी बोलायला उठली. पंचविशीची असेल, बोलायला गोड, सगळ्यांना पाणी विचारणारी. ती म्हणाली की मॅडमचं बरोबर आहे, सीन ठेवायलाच हवा, पण त्यात काही घडत नाही. जवान येतो, आई ओवाळते, संपलं. त्याऐवजी आई ताट घेऊन दारात उभी आहे आणि वेशीतून चार जवान पेटी घेऊन येतात. बोलता बोलता तिचेच डोळे भरून आले. ती म्हणाली, लोक रडतील, व्हिडिओ काढतील, पाठवतील. मालकांनी खिशातून रुमाल काढला. फळ्यावरचं वाक्य मी तेव्हा पुन्हा वाचलं.

मी काय काय नाही बोलले. तिरंग्याचा अपमान होईल, परवानगी मिळणार नाही, माजी सैनिक बोंब मारतील, लहान पोरं घाबरतील. मालक म्हणाले, तिरंगा नको, साधं पांढरं कापड आणि झेंडूचे हार. माझ्याकडे एकच खरं कारण होतं, आणि तेच मला सांगता येईना. ही बाई खरोखरच अशी दारात उभी राहिली होती, असं मी सांगितलं असतं, तर त्यांनी तो सीन मागं घेतला नसता. त्यांनी ते पाटीवर लिहून प्रवेशद्वाराशी लावलं असतं. ती पोरगी वाईट नव्हती, मालकही वाईट नव्हते. त्यांनी ते आदरानंच लावलं असतं, आणि आमच्या घरातलं दुःख तिकिटावर विकलं गेलं असतं. आयुष्यात पहिल्यांदा मला भांडण येत असून भांडता आलं नाही. चिठ्ठी ‘ठेवायचं’ या बाजूला गेली, आणि तिच्याखाली कंसात लिहिलं गेलं, ‘नवा शेवट’.

वहिनीला ते मीच सांगितलं. दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर तिला चारचौघांत उभं राहून ऐकावं लागलं असतं. ती चुलीपुढं बसली होती. मी पाटावर बसले आणि सांगून टाकलं, फिरवाफिरव न करता. वहिनीनं हातावरची भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

‘म्हंजी ट्रंक घिऊन येनारा न्हाई?’ तिनं विचारलं.

मी नाही म्हटलं. तिनं भाकरी उलटली. मी सांगितलं की तू नाही म्हण, मी बघून घेते, भाकऱ्यांचं काम कुठं जात नाही. तिनं भाकरी काढून विस्तवाला लावली, ती फुगली, तिनं ती खाली घेतली. म्हणाली, एकदा हुबी ऱ्हाते, बगू तर दे. तिला काय बघायचं होतं ते मला तेव्हा कळलं नाही. आज वाटतं, पेटीपुढं का असेना, तुकडा उतरायची संधी मिळतेय, असं तिच्या मनात कुठंतरी आलं असावं. पण हे माझं. ती कधी बोलली नाही.

तालीम मंगळवारी ठेवली, पार्क बंद होता म्हणून. त्या मंगळवारी वहिनी गावी गेली नाही. सामानाच्या गोदामातून प्लायवूडची पेटी काढली होती, तिच्यावर पांढरं कापड, हार. कोरेगावच्या आमच्या जवानाला पेटी उचलणाऱ्या चौघांत पुढं घातलं होतं. त्याचा चेहरा पडला होता, त्याला आता ट्रंक घेऊन आईपाशी यायचं नव्हतं. सल्लागार खुर्च्या टाकून बसले. सल्लागार मुलीनं हात वर केला आणि चौघं वेशीतून आत आले, सावकाश, पाय जुळवत. पेटी उंबऱ्यापुढं ठेवली.

दार उघडलं. वहिनी बाहेर आली ती हातात ताट घेऊनच. तुकडा, तांब्या, सगळं. मुलगी उठून जवळ गेली आणि समजावून सांगायला लागली की काकू, आता ताट नको, तुम्ही धावत यायचं आणि पेटीवर कोसळायचं. वहिनी तिच्याकडे बघत नव्हती. ती पेटीकडे बघत होती. कुणाला तरी वाटलं, बाई भूमिकेत शिरतेय, त्यानं मोबाइल काढून धरला. वहिनीनं तुकडा उचलला, हात थोडा वर गेला, आणि तिथंच थांबला.

‘ह्याला ववाळत न्हाईत,’ ती म्हणाली. भावाच्याच शब्दांत, त्याच्याच आवाजाच्या पट्टीत.

मुलगी म्हणाली, हो ना काकू, म्हणूनच तर म्हणते, ताट नको.

वहिनीनं वाकून ताट उंबऱ्यावर ठेवलं आणि वळून दारातून आत गेली. त्या दाराच्या आत घर नाही. मीच बांधलेलं, मला ठाऊक होतं. मी भिंतीला वळसा घालून मागं गेले, तर ती बांबूच्या टेकणींमध्ये, गवतात बसली होती. हातात तुकडा तसाच होता. मी तिच्याशेजारी बसले. ती म्हणाली, ‘वन्सं, घरी सोडता का मला? आता हितं ऱ्हायाचं न्हाई.’

मी पुढं जाऊन एवढंच सांगितलं की बाईंना बरं नाही, दुसरं कुणी बघा. त्यांनी बघितलंही. नवा सीन पुढं सुरू झाला, त्यात एक शिकलेली नटी आहे, ती फार चांगलं कोसळते असं ऐकते. मी तो बघितलेला नाही.

वहिनीचं सामान एका पिशवीत मावलं. साताऱ्यात पेट्रोल पंपावर थांबले तेव्हा मी भावाला फोन केला. सांगितलं की वहिनीला घेऊन येतेय, कायमची. त्यानं काय झालं विचारलं, मी थोडक्यात सांगितलं, पेटीचं, आणि ती काय म्हणाली तेही. त्यानं एवढंच विचारलं, किती वेळात पोचाल.

कोरेगाव गेलं. पुसेगावच्या पुढं गाडी गेली तेव्हा वहिनीनं डोळे मिटले नाहीत की तोंड फिरवलं नाही. रस्त्याच्या कडेला उसाची चिपाडं पडली होती, ती बघत बसली. सगळ्या वाटेत ती एकच वाक्य बोलली, की तुमच्या दादाला चहा करून द्यायलासुद्धा कुणी नव्हतं एवढे दिवस. नंतरच्या त्या अबोल्यापायी मला भावाचा मनापासून राग होता आणि तरीही ते ऐकून गलबलून आलं.

वडूज ओलांडून घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. गाडी अंगणाबाहेर लावली. पुढचं दार उघडं होतं आणि दारात भाऊ उभा होता. कितीतरी दिवसांनी मी त्याला पुढच्या दारात पाहिला. धुतलेला सदरा, हातात ताट. ताटात भाकरी होती आणि तांब्या होता. भाकरी इतकी जाड आणि एका अंगाला इतकी करपलेली की ती कुणी केली ते विचारायची गरज नव्हती. वहिनी पायरीपाशी आली.

‘थांब थितंच,’ तो म्हणाला.

बाप्यामाणसानं हे करायचं नसतं. आमच्याकडे कुणा पुरुषानं कुणावरून तुकडा उतरलेला मी पाहिला नाही. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, तो वाकडातिकडा मोडला. वहिनीच्या डोक्यावरून तीनदा फिरवला, कवायत केल्यासारखा, दात आवळून. टाकायचा कुठं ते त्याला आठवेना, त्यानं तो नुसताच बाजूला फेकला. पाणी एवढं घातलं की तिच्या चपला भिजल्या. मग तिच्या डोळ्यांना ओलं बोट लावलं. वहिनी हलली नाही. तिनं त्याला सगळं करू दिलं.

मग तो म्हणाला, ‘तवा तुला करू द्याया पायजे हुतं मी. येक तुकडा तर हुता.’

फौजेत आयुष्य काढलेला माझा भाऊ, ताट धरून दारात उभा राहून रडायला लागला, आवाज न करता, खाली बघत. मीही रडले. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं ताटातली उरलेली भाकरी मोडून एक तुकडा घेतला, त्याच्या हातातून तांब्या घेतला आणि पाठ वळवून पायरीपासून अंगणात गेली. रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली, वडाप थांबते त्या बाजूला. रस्त्यावर कुणी नव्हतं. तिनं तुकडा उचलला. हात वर गेला, आणखी वर गेला, टाचा उचलल्या गेल्या, आणि तो तिथंच थांबला. खाली आला नाही. त्याच उंचीवर तिनं तुकडा तीनदा फिरवला आणि उजवीकडे टाकला. समोरच्या मातीवर पाणी घातलं. मग पुढं होऊन, बोट ओलं करून, वर हवेत डोळ्यांच्या जागी दोनदा लावलं.

‘ये आत,’ ती म्हणाली.

भाऊ आणि मी दारातून बाजूला झालो.